बापाची लाज राखणारे दोन पुत्र

(सिहोरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, व आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांकरिता धडा)

शास्त्रपाठ : उत्पत्ति ९:१८–२७.

मुखोद्गत करावयाचे वचन : निर्गम २०:१२. हे वचन प्रत्येकाने आपल्या शास्त्रातून वाचून पाठ करावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांस घरातील मुलांनी ते शिकवावे.

घरच्या उपासनेसाठी वाचन : सोमवार, लेवीय १९:१–३ व ३२. मंगळवार, नीतिसूत्रे २३:२२–२५. बुधवार, १ शमुवेल १९:१–७. गुरुवार, मार्क ७:९–१३. शुक्रवार, योहान १९:२५–२७. शनिवार, १ तीमथ्य ५:१–८.

मुख्य शिकवण : आईबापांच्या ठायी दोष असला तरी त्यांची लाज राखणे हे लेकरांचे कर्तव्य आहे. लाज राखावयाची तर त्यांच्याजवळ जावे लागते व त्यांचा भार उचलावा लागतो.

प्रस्तावना

आईबापांचा मान राखावा ही आज्ञा ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या खेड्यांत शोधूनही सापडणार नाही. किंबहुना या बाबतीत आपले शेजारी पुष्कळदा आम्हांसच दोष देतात. ख्रिस्ती लोक पितृपक्ष पाळीत नाहीत, श्राद्ध घालीत नाहीत, तेव्हा त्यांस आईबापांची काय किंमत, असे ते विचारतात. या प्रश्नास शब्दांनी उत्तर देऊन भागत नाही. आमच्या घरातील जिवंत म्हातारा व म्हातारी कोणत्या स्थितीत आहेत, त्यांस वेळेवर भाकर मिळते की नाही, व त्यांच्याविषयी आम्ही चारचौघांत काय बोलतो, हेच त्या प्रश्नाचे उत्तर होय.

बाप शहाणा असला व आई मायाळू असली म्हणजे त्यांचा मान राखणे जड जात नाही. जड जाते ते निराळ्या घरी. बाप दारू पिऊन बाजाराच्या वाटेवर पडलेला असतो. कोणाच्या बापाने शेत गहाण टाकलेले असते, आणि धानाची रोवणी आली की मुलास दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला जावे लागते. कोणाची आई तोंडाने तिखट असते, कोणाची वार्धक्याने भ्रमिष्ट होऊन अंगावरचे लुगडेही सांभाळीनाशी होते. अशा घरातील पुत्राने व कन्येने काय करावे? आजचा धडा त्यांच्याकरिता आहे.

धड्याचे स्पष्टीकरण

१. नोहाचे पडणे (वचने २०, २१). नोहा सामान्य मनुष्य नव्हता. सहाव्या अध्यायात शास्त्र त्यास नीतिमान म्हणते. सर्व जग उलट असता त्याने देवाचे ऐकून तारू बांधले. महापूर आला तेव्हा तो सहाशे वर्षांचा होता. त्याच्या विश्वासामुळेच त्याची मुले व सुना वाचल्या. परंतु ज्यास महापुराने बुडविले नाही त्यास द्राक्षारसाने बुडविले. तो प्याला, त्याची शुद्ध गेली, व तो आपल्या तंबूत उघडा पडला.

आपल्या भागात द्राक्षांचे मळे नाहीत, परंतु मोहाची झाडे आहेत. मोहाचे झाड देवाने दिलेले चांगले झाड आहे. त्याची फुले वाळवून गरिबांनी टंचाईचे दिवस काढले आहेत आणि त्याच्या बियांचे तेल निघते. पण त्याच फुलांची दारू गाळली म्हणजे ती किती घरांत शिरते व घरधन्यास कोठे लोळविते, हे आम्ही येथे सांगण्याची गरज नाही. नोहाची गोष्ट यासाठीच लक्षात ठेवावी की चांगला मनुष्य, देवाचे भय धरणारा मनुष्य, पुष्कळ वर्षे नीट चाललेला मनुष्यही पडतो. ज्याचा बाप पडला आहे त्याने आपला बाप सर्व जगाहून वाईट आहे असे समजू नये.

२. हामाचे वागणे (वचन २२). हामाने बापास उघडे पाहिले, आणि बाहेर जाऊन भावांस सांगितले. शास्त्र येथे दोनच गोष्टी नोंदते. दृष्टीस पडले यात एकवेळ त्याचा उपाय नसेल. परंतु पाहिल्यावर काय करावे हे त्याच्या हाती होते. वस्त्र घेऊन बापाच्या अंगावर घालण्यास कितीसा वेळ लागला असता? ते न करता तो बाहेर गेला व बोलला. बापाची लाज ही त्याला सांगण्याजोगी बातमी वाटली.

हाम आजही जिवंत आहे. तो पानठेल्यावर उभा राहून आपल्या बापाची नक्कल करतो व लोकांस हसवितो. तो हातातील मोबाइल काढून झिंगलेल्या बापाचे चित्र घेतो व ते पाहता पाहता दहा गावांत पोहोचते. सून विहिरीवर सासूच्या भ्रमाच्या गोष्टी सांगते. आणि आम्हां मंडळीतल्या लोकांस हामाचे आणखी एक रूप ठाऊक असावे. कोणी प्रार्थनेच्या निमित्ताने उभा राहतो व आपल्या घरच्या म्हाताऱ्याचे सर्व दोष देवास ऐकवितो, म्हणजे शेजारी बसलेल्यांसही ते कळतात.

३. शेम व याफेथ यांचे वागणे (वचन २३). या एका वचनात चार गोष्टी आहेत. उपदेशक बंधूंनी त्या मुलांकडून मोजून घ्याव्या. दोघांनी वस्त्र घेतले. ते आपल्या खांद्यांवर ठेवले. मागल्या पावलांनी ते आत गेले. आणि तोंड फिरवून, बापाकडे न पाहता, त्यांनी त्यास झाकले.

यांत त्यांनी काय केले नाही हेही पाहावे. आमचा बाप प्यालाच नाही असे ते म्हणाले नाहीत. त्याच्याबरोबर ते पिण्यास बसले नाहीत. हाम खोटे बोलतो असा त्यांनी गलका केला नाही. जे घडले ते त्यांस पूर्ण ठाऊक होते. तरी ज्या गोष्टीने बापास जाग आल्यावर मान खाली घालावी लागेल, ती आपल्या डोळ्यांनी पाहून ठेवण्याची त्यांस इच्छा नव्हती.

आणखी एक गोष्ट. हाम तंबूतून बाहेर आला. हे दोघे तंबूत गेले. निंदा दुरून करता येते, पण पांघरूण घालावयाचे तर जवळ जावे लागते. पुष्कळ मुले म्हणतात, मी बापाविषयी कोणापाशी वाईट बोलत नाही, मी त्याचे नावच टाकले आहे. अशा मुलाने हामाचे पाप केले नसेल, पण तो शेम व याफेथही झाला नाही. वस्त्र अजून त्याच्या खांद्यावर आलेले नाही.

४. शाप व त्याविषयीचा गैरसमज (वचने २४–२७). नोहा जागा झाल्यावर त्याने जे शब्द उच्चारले त्यांचा जगात मोठा दुरुपयोग झाला आहे. अमेरिकेत काळ्या वर्णाच्या लोकांस गुलाम करून ठेवणारे कित्येक धनी, व त्यांच्या बाजूचे कित्येक उपदेशकही, या वचनांचा आधार देत असत. तेथे १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तरी हा गैरसमज पुढेही उरला. परंतु नीट वाचावे. येथे वर्णाचा उल्लेख नाही. शाप हामाचे नाव घेऊन नाही, कनानाचे घेऊन आहे. आणि तो उच्चारणारा नोहा आहे, देव नव्हे. याच अध्यायाच्या पहिल्या वचनात देवाने नोहास व त्याच्या सर्व मुलांस आशीर्वाद दिलेला आहे. म्हणून कोणतीही जात किंवा कोणताही वर्ण जन्मतः शापित आहे असे या धड्यावरून कोणी शिकवू नये. ज्यांच्या पूर्वजांस गावाने शतकानुशतके शिवेबाहेर ठेविले त्यांस हे स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे.

५. एक शंका. कोणी चौकस तरुण विचारील, बापाची लाज बाहेर सांगणे पाप आहे, तर मग शास्त्राने ती का लिहून ठेविली? प्रश्न योग्य आहे. शास्त्राने ती लिहिली ती आम्ही सावध व्हावे म्हणून, व कोणाही मनुष्यास, मग तो नोहा का असेना, देवाच्या जागी बसवू नये म्हणून. हामाच्या सांगण्याने कोणाचे बरे होणार होते? सांगण्याचा हेतु काय, व ऐकणारा कोण, यांवरून सत्यकथन व निंदा यांतील भेद कळतो.

आज्ञेतील शब्दाचा अर्थ

मान राखणे यासाठी इब्री शास्त्रात जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ जड असणे, वजनदार असणे, असा आहे. आपल्या मराठीतही ज्याचा मान आहे त्याच्या शब्दास वजन आहे असे आपण म्हणतो. तेव्हा आज्ञेचा भाव असा की आईबापांस हलके लेखू नका. लेवीय १९:३ मध्ये तर आईचे नाव आधी घेतले आहे. ही आज्ञा केवळ लहान मुलांकरिता नाही. सीनाय पर्वतापाशी ती ऐकणारे पुष्कळ जण स्वतः मुलाबाळांचे धनी होते व त्यांच्या घरी म्हातारी माणसे होती. आणि आज्ञेत आईबाप चांगले असतील तर, अशी अट घातलेली नाही.

आमच्या देशातील एक उदाहरण

पंडिता रमाबाईंचे नाव मराठी ख्रिस्ती मनुष्यास सांगावे लागत नाही. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा काळ असता, लोकांचा विरोध सोसून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस ते शिकविले. रमाबाई आपल्या आईपाशी शिकल्या.

या विद्वान पित्याने आपल्या मुलांस उपाशी ठेविले असेही म्हणता येईल. जमीनजुमला होता तो गेला. वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत, जे मिळे ते पुण्य जोडण्यासाठी दानधर्मात देत, सर्व कुटुंब गावोगाव फिरे. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हाती काही उरले नव्हते. दागिने, भांडी व वस्त्रेही विकून झाली. मजुरी करण्याची कोणास सवय नव्हती, आणि भीक मागण्यास कुळाचा व विद्येचा अभिमान आडवा येई. अकरा दिवस त्या सर्वांनी रानात पाणी, पाला व मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध व दृष्टी गेलेल्या पित्याने पवित्र तळ्यात देह ठेवावा असेही ठरविले होते. शेवटी उपासमारीने आधी वडील, मग आई, व काही महिन्यांनी वडील बहीण, असे तिघे गेले.

आता मुलांनी काय केले ते पाहा. वडिलांनी अखेरीस संन्यास घेतला होता, म्हणून त्यांस पुरावयाचे होते, आणि प्रेत उचलण्यास जातीचे कोणी आले नाही. तेव्हा भाऊ श्रीनिवास याने वडिलांचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधला व एकट्याने दोन मैलांहून अधिक अंतर वाहून नेला. आईच्या वेळी मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले. त्यांच्याबरोबर बहीणभावांनी खांदा दिला, आणि रमाबाई ठेंगण्या असल्यामुळे त्यांस आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. शेम व याफेथ यांच्या खांद्यांवरील वस्त्र आम्हांस येथे दिसते. उपाशी पोरांनी, ज्यांच्या चुकीने आपण उपाशी राहिलो त्यांस, असे उचलून नेले.

१८८३ साली इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी जे इंग्रजी पुस्तक काढले ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष प्रसिद्ध केली. तीत वडिलांचा धर्म आपण का सोडला हे त्यांनी स्पष्ट लिहिले. पैसा कसा गेला व उपासमार का झाली हेही लपविले नाही. परंतु वडिलांस हसण्याजोगे करणारे एक वाक्य तीत नाही. मरणाच्या थोडे आधी रानात पित्याने धाकट्या मुलीस जवळ घेऊन सदाचाराने राहण्यास व देवाची सेवा करण्यास सांगितले, ही आठवण त्यांनी प्रेमाने जपून ठेविली. जे शब्द पित्याने एका अर्थाने उच्चारले, ते मुलीने ख्रिस्ताच्या सेवेत पुरे केले. आईबापांनी दिलेल्या विद्येच्या पायावरच त्या अखेरपर्यंत मुक्तीसदनात शास्त्राचे भाषांतर करीत राहिल्या.

नव्याने विश्वासात आलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आईबापांचा धर्म सोडावा लागला म्हणून आईबाप सोडावे लागत नाहीत. त्यांच्या देवपूजेची टिंगल करणे ही ख्रिस्ताची साक्ष नव्हे.

झाकणे व लपविणे

येथे आम्हांस एक इशारा द्यावयाचा आहे, कारण या धड्याचा विपरीत अर्थ करून दुबळ्यांवर ओझे लादले जाते. लाज झाकणे म्हणजे अन्याय लपविणे नव्हे. शौल राजा दावीदास मारू पाहत होता तेव्हा त्याचा पुत्र योनाथान याने बापाची आज्ञा पाळली नाही. त्याने दावीदास सावध केले, आणि बापापाशी एकांतात जाऊन, तुम्ही निरपराध्याविरुद्ध पाप करू नका, असे तोंडावर सांगितले. तरी त्याने बापास टाकले नाही. गिलबोवाच्या डोंगरावर तो बापाच्या सैन्यातच लढता लढता पडला. पापात साथ नाही, पण संकटात साथ आहे, असा हा पुत्रधर्म आहे.

म्हणून बाप आईस मारीत असेल, किंवा घरातील लहान मुलामुलींस कोणी वडीलधारा अपाय करीत असेल, तर ते पाळकास, वडीलमंडळास व गरज पडल्यास पोलिसांस सांगणे हे हामाचे पाप नाही. मार खाणाऱ्या आईस वाचविणे हा आईचाच मान आहे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे रक्षण करणारा कायदा आपल्या देशात २००५ साली झाला आहे. ज्यास कळविल्याने पीडित वाचेल त्यास कळवावे. ज्यास कळविल्याने केवळ हशा होईल त्यास कळवू नये. मनास एवढा प्रश्न विचारला म्हणजे वाट सापडते.

देवाने स्वतः हाच मार्ग दाखविला आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आमच्या आद्य मातापित्यांनी पाप केले तेव्हा देवाने त्यांस हाक मारली, विचारले, त्यांचा दोष त्यांच्या पदरी घातला. आणि मग बागेबाहेर काढण्यापूर्वी त्याने स्वतः चामड्याची वस्त्रे करून त्यांस घातली. देवाने दोषास दोष म्हटले, आणि दोष्यास उघडे ठेविले नाही.

आचरणात आणावयाच्या गोष्टी

पहिली. बाप शुद्धीवर नसता त्याच्याशी वाद घालू नये. त्यास उचलून घरी आणावे, धुवावे, निजवावे. जे सांगावयाचे ते दुसऱ्या दिवशी, मुलांबाळांदेखत नव्हे तर एकटे बसून, नम्रतेने पण स्पष्ट सांगावे. १ तीमथ्य ५:१ मध्ये वडील मनुष्यास बोलण्याची रीत सांगितली आहे. त्यास दारू आणून देऊ नये व दारूसाठी पैसा देऊ नये. त्याच्या ताटात मात्र उणे करू नये.

दुसरी. म्हातारपणामुळे ज्यांची स्मृती गेली आहे त्यांचा दोष मुळीच नाही. तो रोग आहे. त्यांचे कपडे, त्यांचे अंथरूण, त्यांची शौचाची अडचण, ही ज्याच्या घरची गोष्ट त्याच्या घरातच राहावी.

तिसरी. देवास देण्याच्या निमित्ताने आईबापांचे तोडू नये. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने अशाच लोकांस ढोंगी म्हटले आहे. वर्गणीच्या यादीत ज्याचे नाव वर आहे, पण ज्याच्या आईस औषध मिळत नाही, त्याने आधी औषध आणावे. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला असून वृद्ध आईबापांस टाकून देणाऱ्यास त्यात शिक्षाही सांगितली आहे. ख्रिस्ती आईबापांवर त्या कायद्याकडे जाण्याची पाळी यावी ही मंडळीस लाजेची गोष्ट होय.

चौथी आईबापांकरिता. इफिसकरांस लिहिताना पौल मुलांस सांगून थांबला नाही. त्याने बापांसही सांगितले. नोहाने तंबूत शिरण्यापूर्वी विचार केला असता तर मुलांच्या खांद्यांवर ते वस्त्र येते ना. ज्या बापास या धड्यात आपले चित्र दिसेल त्याने रागावू नये. नोहा जागा झाला. आपणही जागे व्हावे. चांदपूरच्या तलावाचे पाणी ज्याच्या बांधीत वेळेवर पोहोचते त्याचे धान पिकते. तसा पश्चात्तापही वेळेवर करावा.

समाप्ती

आमच्या प्रभूला वधस्तंभावर खिळले तेव्हा शिपायांनी त्याची वस्त्रे वाटून घेतली. त्यास झाकणारा कोणी नव्हता. अशा वेळी त्याने आईकडे पाहिले, आणि तिला आपल्या आवडत्या शिष्याच्या स्वाधीन केले. त्या घटकेपासून तिला घर मिळाले. ज्याचे स्वतःचे वस्त्र गेले त्याने आईला आसरा दिला. त्याच्या नावाने जे ओळखले जातात त्यांस या आठवड्यात आपल्या घरी एक काम आहे. ते काय आहे हे प्रत्येकास ठाऊक आहे.

प्रश्न

१. नोहा नीतिमान असूनही पडला. यावरून आपण काय शिकावे?
२. हामाने काय करावयास हवे होते व त्याने काय केले?
३. शेम व याफेथ यांच्या चार कृती सांगा.
४. योनाथानाने बापाची आज्ञा कोठे मोडली व त्याची साथ कोठे दिली?
५. श्रीनिवास व रमाबाई यांनी आईबापांचा मान कसा राखला?
६. लाज झाकणे व अन्याय लपविणे यांत भेद कोणता? आपल्या गावातील कोणाचे नाव न घेता उदाहरण द्या.